हमरा बेटावरचं छप्पर

२० नोव्हेंबर १९०६, मंगळवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठे मुत्सद्दी ठेवतात असं ऐकून आहे, आणि कालपासून माझी गणना त्यांच्यात करायला हरकत नसावी. तारखा इंग्रजी घालणार. चंद्राच्या तारखांवर युरोपचा कारभार चालत नाही.

झालं असं की हेर क्नोप यांनी मला दुभाष्या नेमलं. हेर क्नोप ('हेर' म्हणजे जर्मनमध्ये 'श्रीयुत', गुप्तहेर नव्हे) म्हणजे जर्मन पेढीचे इथले, आमच्या लिंगा बंदरातले एजंट. बंदरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर हमरा बेट. पाणी नाही, झाड एक, शेळ्या पुष्कळ, आणि खाली सगळी तांबडी काव. ही काव हांबुर्गला जाते, तिथे तिचा रंग बनतो, तो जहाजांच्या बुडाला फासतात. म्हणजे अर्ध्या जगाची जहाजं आमच्या बेटावर बसून फिरतात. (वाक्य जमलंय. क्नोपना ऐकवायचं.) बेट आखातापलीकडच्या अरबी किनाऱ्यावरच्या शेख माजिदांचं. खणायचा करार त्यांनी पेढीशी केलेला, आणि तो येत्या मार्चमध्ये संपतो. जर्मनांना तो पुन्हा हवाय. इंग्रजांना तो जर्मनांना मिळायला नकोय. मध्ये मी.

ठराव: १) पहाटे उठणे. २) रोज दहा जर्मन शब्द. ३) राजकारणातलं काहीही गौहरला न सांगणे.

दुपार. गौहरला सगळं सांगितलं. बायकोपासून लपवणं बरं नव्हे. ती मासे साफ करत होती. म्हणाली, "म्हणजे उद्यापासून बाजारात पत्रं लिहायला बसणार नाही?" म्हटलं, बसेन, पण आता वेगळ्या नजरेने बसेन.

२२ नोव्हेंबर, गुरुवार.

इंग्रजांची गनबोट काल आली. कॅप्टन हॅलिडे उतरले. उंच, वाळलेले, नाक सोललेलं. त्यांचा स्वतःचा मुन्शी तापाने पडलाय, म्हणून त्यांनीही मलाच बोलावलं.

म्हणजे जर्मनीचा दुभाष्या मी आणि इंग्लंडचाही मीच. दोन महासत्तांचा एकाच माणसावर विश्वास! गौहर म्हणाली, "दोघांनाही दुसरा कुणी मिळाला नसेल." तिला राजकारणातलं फारसं कळत नाही.

दोघं साहेब एकमेकांशी बोलत नाहीत. बोलले तर इंग्रजीत सहज बोलतील (माझ्याशी दोघंही तेच बोलतात), पण क्नोप म्हणतात, नवा आलाय त्याने आधी भेटीला यावं. कॅप्टन म्हणतात, व्यापाऱ्याने सरकारी माणसाला आधी भेटावं. दोघांचे बंगले समोरासमोर. आज दिवसभर एकमेकांच्या खिडक्यांकडे बघत बसले.

जर्मन शब्द: चार. त्यातला एक 'क्नोप' धरलाय.

२६ नोव्हेंबर, सोमवार.

कॅप्टनबरोबर हमरा बेटावर जाऊन आलो. दर्या शांत होता असं बाकीचे म्हणतात. मी बराच वेळ मचव्याच्या कडेवर वाकून पाण्याच्या खोलीची पाहणी केली.

बेटावरचा मुकादम म्हणजे गौहरचा धाकटा भाऊ जासिम. हाताखाली ऐंशी माणसं. सगळी डोक्यापासून टाचेपर्यंत तांबडी. दात तेवढे पांढरे. जासिमने मला ओळखून हाक मारली, "दाजी, खाली बसा, तोंड हिरवं झालंय तुमचं!" कॅप्टनसमोर. या पोराला अदब शिकवायला हवी. पोर कसला, चौतीस वर्षांचा आहे, तीन मुलींचा बाप.

कॅप्टन फिरले, वहीत लिहिलं. मग धक्क्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, इथे मोठं जहाज लागू शकेल का? मी जासिमला विचारलं. जासिम म्हणाला, "दाजी, परवा यावर शेळी चढली तर दोन फळ्या गेल्या. शेळी अजून रागात आहे." ऐंशीच्या ऐंशी माणसं हसली.

आता हे परक्या सरकारच्या माणसाला कसं सांगायचं? माझ्या सख्ख्या मेहुण्याने बांधलेला धक्का. मी इंग्रजीत सांगितलं: धक्का अत्यंत मजबूत आहे. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं, वहीत लिहून घेतलं. घराण्याची अब्रू राखली.

परतताना पुन्हा खोलीची पाहणी.

३ डिसेंबर, सोमवार.

आज मोठं काम. क्नोपनी शेख माजिदांना पत्र लिहायला सांगितलं. करार आणखी दहा वर्षं वाढवून मिळावा. शिवाय दोन बारीक मागण्या: माणसांना उन्हापासून आडोसा म्हणून एक छप्पर घालू द्यावं, आणि मचव्यांना खूण दिसावी म्हणून एक काठी उभारू द्यावी.

छप्पर! काठी! एका सम्राटाच्या प्रजेने एका शेखला लिहायचं आणि विषय काय, तर छप्पर आणि काठी. मी अरबीत ते जरा उचलून घेतलं. छपराचं 'भक्कम आश्रयस्थान' केलं. काठीचा 'ध्वजस्तंभ'. शेवटी कैसरच्या आरमाराला उदंड यश चिंतिलं. ते क्नोप विसरले होते. पत्र वाचून दाखवलं तेव्हा क्नोप म्हणाले, फार लांबलंय का? त्यांना अरबी येत नाही. म्हटलं, अरबी भाषाच ऐसपैस आहे.

जर्मन शब्द: पाच.

१२ डिसेंबर, बुधवार.

गंमत झाली. शेखनी आमच्या पत्राची नक्कल कॅप्टनकडे पाठवली, विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं? कॅप्टननी ती इंग्रजीत करायला दिली कुणाला? मलाच. आपलंच अपत्य परक्या घरी भेटावं तसं झालं.

'भक्कम आश्रयस्थान' याला इंग्रजीत काय म्हणावं यावर अर्धा तास विचार केला. 'छप्पर' लिहिता आलं असतं, मूळ तेच होतं. पण मग शेखना लिहिलेलं खोटं ठरलं असतं. आणि एकदा वापरलेला शब्द खाली आणणं मला शोभत नाही. 'फोर्ट' लिहिलं. छोटा, सुटसुटीत शब्द.

कॅप्टननी ते दोनदा वाचलं. मग आपली जुनी वही काढून धक्क्याचं पान उघडलं. 'मजबूत धक्का, किल्ला, निशाण, आरमार,' असं पुटपुटले. मला विचारलं, तुमची खात्री आहे? म्हटलं, शब्द न् शब्द.

१४ डिसेंबर, शुक्रवार.

गनबोट पहाटेच सुटली. तारघर असलेल्या बंदराकडे गेली म्हणतात. म्हणजे आता हे प्रकरण लंडनला पोचणार. माझा इंग्रजी मसुदा लंडनमध्ये मोठमोठे लोक वाचणार!

शिंप्याकडे जाऊन कोटाचं माप दिलं. काळा, लांब, पितळी बटणांचा. हे प्रकरण मिटलं की इथे व्हाइस कॉन्सल लागणार, हे उघड आहे. कुणाचा लागेल तेवढं ठरायचंय. बटणं साधी ठेवायला सांगितली, दोन्ही बाजूंना चालतील.

गौहर म्हणाली, "त्या कापडात दोघांच्या दुलया झाल्या असत्या."

९ जानेवारी १९०७, बुधवार.

बरेच दिवस लिहिणं झालं नाही. सर्दी होती. पहाटे उठणं त्यामुळेच राहिलं.

आज क्नोपनी बोलावलं. बर्लिनहून फिरत फिरत त्यांच्या पेढीकडून खरमरीत पत्र आलंय: हमरा बेटावर कसला किल्ला बांधताय? कुणी सांगितलं? पेढीने फक्त माती मागितली होती! क्नोप लाल झाले होते, बेटावर न जाताच. ओरडले, "मिर्झा, हा किल्ला आला कुठून?"

मी शांतपणे म्हटलं, कुणा अर्धवट भाषा येणाऱ्या माणसाने घोळ घातला असावा. ते म्हणाले, शोधून काढ त्याला. म्हटलं, काढतो.

शोध सुरू आहे. संशय तीन जणांवर. कॅप्टनचा आजारी मुन्शी, शेखचा कारकून, आणि तारघरातला कुणीतरी.

२५ जानेवारी, शुक्रवार. बकरी ईद.

जासिम ईदला घरी आला. आंघोळ करून, पण कानामागे तांबडं राहिलंच होतं. गौहरने बोकडाचं मटण आणि भात केला. त्याच्या तिन्ही मुली माझ्या कोटासाठी आणून ठेवलेल्या बटणांशी खेळत होत्या.

जेवण झाल्यावर तो मला अंगणात घेऊन गेला. म्हणाला, "दाजी, शेखच्या माणसांत कुजबुज आहे की करार मोडणार. बसऱ्याहून खजुराच्या वखारीसाठी माणसं मागतायत. साठजणांना लगेच घेतील. पुढच्या आठवड्यात गलबत आहे. आम्ही जावं का? इथलं काम गेलं तर मोत्यांचा हंगाम मेपर्यंत लागत नाही. तोवर ऐंशी घरं काय खातील?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, अरे, मी आहे ना. दोन्ही साहेबांच्या तोंडातला शब्द माझ्या तोंडातून जातो. मला न कळता तुझा करार मोडेल कसा?

जासिमने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर थांबतो. माणसांना तसं सांगतो."

मोठ्या माणसाचा आधार असला की घराण्याला बळ येतं. आज फार समाधान वाटलं. मटणही छान झालं होतं.

२ फेब्रुवारी, शनिवार.

बसऱ्याचं गलबत गेलं. आमच्यातलं कुणी गेलं नाही. कोट शिवून आला. बगलेत जरा आवळतो, पण हात वर करायची वेळ व्हाइस कॉन्सलवर येत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार. पलीकडचा किनारा.

शेखच्या बैठकीत महासभा! आठवडाभर आखणी केली होती. कोण कुठे बसणार याचा नकाशा काढला होता. तो मचव्यात भिजला.

शेख माजिद मध्ये, हातावर ससाणा. डावीकडे क्नोप, उजवीकडे कॅप्टन, मध्ये मी, कोटात. घाम फार आला. तो उकाड्याचा.

शेख क्नोपना म्हणाले, "तुमच्या मुलखात माती नाही का, की माझी न्यायला एवढ्या लांब येता?" आणि कॅप्टनना म्हणाले, "वीस वर्षं या बेटाकडे कुणी बघितलं नाही. आता तुम्हाला रोज त्याची आठवण येते. तब्येत बरी आहे ना?" हे असंच्या असं सांगणं शक्यच नव्हतं. मी क्नोपना सांगितलं, शेख जर्मनीच्या भूमीची स्तुती करतायत. कॅप्टनना सांगितलं, शेख आपल्या तब्येतीची चौकशी करतायत. दोघांनी मान लववली. शेखच्या दाढीत हसू होतं. का ते कळलं नाही.

मग क्नोप हळू आवाजात काही बोलले, कॅप्टन हळू आवाजात काही बोलले. मी दोन्हींना थोडं वजन दिलं. क्नोप म्हणाले, आम्हाला फक्त काम पुढे चालवायचंय. मी 'जर्मनी मागे हटणार नाही' असं केलं. कॅप्टन म्हणाले, मला वरून विचारणा झालीय. मी 'साम्राज्य उत्तर मागतं' असं केलं. सभेला रंग चढला. ससाण्याने पंख फडफडवले.

आणि अचानक कॅप्टन सरळ क्नोपकडे वळले. इंग्रजीत. पहिल्यांदाच. म्हणाले, साहेब, एकदाच सांगा, हा किल्ला तुम्ही कुठे बांधणार आहात? क्नोप म्हणाले, कसला किल्ला? मी छप्पर मागितलं होतं. चार खांब आणि चटया.

कॅप्टन म्हणाले, चटया?

क्नोप म्हणाले, चटया.

मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. युरोपच्या दोन सत्तांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी कॉफी मागवली.

कॅप्टन बराच वेळ कपाळ चोळत होते. म्हणाले, आता कळून उपयोग नाही. कागद वर गेलाय. लंडनने ठरवलंय, बर्लिनला कळवलंय, शेखनी आम्हाला शब्द दिलाय. एका छपरासाठी दोन सरकारं एकमेकांवर रागावली होती, हे आता मी कुठल्या तोंडाने लिहू? क्नोप म्हणाले, आणि मी कुठल्या?

शेखनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी सांगितलं, उन्हाबद्दल बोलतायत.

शेख ससाण्याच्या डोक्यावर टोपी चढवत म्हणाले, "अरे मिर्झा, मी मुंबईत सात वर्षं मोती विकले. इंग्रजी थोडंफार कळतं मला."

परतीच्या मचव्यात दोघं साहेब शेजारी शेजारी बसले आणि गप्पा मारत आले. चला, दोन राष्ट्रांत बोलणं तर सुरू झालं. कुणामुळे, ते इतिहास बघेल.

२४ फेब्रुवारी, रविवार.

आज शेखच्या दोन होड्या हमरा बेटावर गेल्या. बंदुका होत्या, पण झाडल्या नाहीत. गनबोट लांब उभी राहून बघत होती. ऐंशी माणसांना उठवलं, मचव्यांत बसवलं आणि दुपारी लिंग्याच्या वाळूवर आणून उतरवलं. चटया, हंडे, एकाच्या काखेत कोंबडी. सगळे अजून तांबडेच होते. आंघोळ करायलाही वेळ दिला नव्हता.

मी कोट घालून सामोरा गेलो. अशा वेळी जबाबदार माणूस दिसला की लोकांना धीर येतो. भाषण तयार होतं: ही माघार तात्पुरती आहे, वाटाघाटी चालू आहेत.

जासिम शेवटच्या मचव्यातून उतरला. त्याने भाषण सुरूच होऊ दिलं नाही. कॉलरपासून खालपर्यंत मला एकदा बघितलं. म्हणाला, "दाजी, कोट छान शिवलाय."

आणि माणसांच्या मागून निघून गेला. पाण्याच्या कडेला पावलं उमटली होती, तांबडी.

भाषण खिशात आहे. कधीतरी उपयोगी पडेल.

५ मार्च, मंगळवार.

क्नोप निघाले. पुढची नेमणूक झांझिबार. कॅप्टन त्यांना पोचवायला धक्क्यावर आले होते, दोघांनी हात बराच वेळ हलवले. मी निरोपाचं 'औफ वीडरझेन' म्हणायला गेलो होतो. तयारीही केली होती. ऐन वेळी तोंडातून सकाळचं 'गुटेन मॉर्गेन' गेलं. संध्याकाळ होती.

व्हाइस कॉन्सलबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. गर्दी होती.

घरात गौहर बोलत नाही. म्हणजे बोलते, 'ताट वाढलंय,' 'पाणी संपलंय,' एवढं. जासिमच्या घरून आली की जास्तच गप्प. आज तिने न विचारताच सांगितलं, ऐंशीतल्या पंचेचाळीसजणांनी गावातल्या मशिदीच्या विहिरीतला गाळ काढायचं काम धरलंय, जेवणावर. बाकीचे बसून आहेत. बसऱ्याला आता नवी माणसं नको झालीत. "जानेवारीत हवी होती," ती म्हणाली.

मी म्हटलं, राजकारणात असे चढउतार येतात.

ती म्हणाली, "तुम्ही त्याला जा म्हणाला असतात तर गेला असता. तुमचं ऐकतो तो. ऐकायचा."

ती आत गेल्यावर मी ही वही काढून आधीची पानं वाचली. ३ डिसेंबर आणि १२ डिसेंबर. दोन्ही मसुदे सुंदर आहेत. पुन्हा वाचून खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा वाचले तेव्हा मात्र 'छप्पर' हा शब्द सारखा डोळ्यांपुढे येऊ लागला, म्हणून वही मिटली.

६ मार्च, बुधवार.

जर्मन शब्द थांबवले.

१७ मार्च, रविवार.

हमरा बेटावर आता दोन गुराखी आणि शेळ्या. करार कुणालाच मिळाला नाही. इंग्रजांना काव नकोच होती, जर्मनांना मिळू द्यायची नव्हती एवढंच. जर्मनांना स्पेनमध्ये स्वस्त मिळाली म्हणतात.

पुन्हा बाजारात बसायला लागलो. कोट घालून बसत होतो, पण माणसं मला जकातवाला समजून लांबून जात. आता साधा सदरा.

जासिमने गावातल्या एका म्हाताऱ्या नाखव्याच्या गलबतावर जागा मिळवलीय. वीसजण घेऊन बसऱ्याला चाललाय. तिथे काही ना काही मिळेल म्हणतो. शिफारसपत्र लिहून देऊ का, असं गौहरकरवी विचारलं. उत्तर आलं, "दाजींना म्हणावं, त्रास नको."

किती समजूतदार आहे. आपला वेळ वाया जाऊ नये म्हणून.

२ एप्रिल, मंगळवार.

गलबत गेलं. मी किनाऱ्यावर नव्हतो. थोडा लांब, वखारीच्या भिंतीशी होतो. तिथून चांगलं दिसतं. जासिमच्या तिघी मुली शीड दिसेनासं होईपर्यंत हात हलवत होत्या. धाकटीने माझ्याकडे बघूनही एकदा हलवला. मीही हलवला.

ठराव: रोजनिशी बंद करणे. मुत्सद्द्यांचं ठीक आहे, पण शाई महाग झालीय.

१८ एप्रिल, गुरुवार.

एवढंच लिहून ठेवतो.

बसऱ्याहून जासिमचं पत्र आलं. तिथल्या कुणाकडून लिहून घेतलेलं, अरबीत, दोन पानं. नाखव्याने दारात आणून दिलं. गौहरने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, छातीशी धरलं. तिला वाचता येत नाही. मग आत गेली, बुरखा घातला, चपला घातल्या.

मी विचारलं, कुठे निघालीस?

म्हणाली, "मुल्लांकडे. वाचून घेऊन येते."

मी घरातच होतो. चष्माही डोळ्यांवर होता.